ओमो तुओ आणि शेंगदाण्याचं सूप घरी करायचं असेल तर : तेल आपणहून वर येईपर्यंत गॅस बंद करू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका ताईंच्या मुलीच्या वर्गात घानाचा, कुमासीचा एक मुलगा आहे, तो आणि त्याचे दोन घानाचेच मित्र रविवारी दुपारी जेवायला येणार आहेत, आणि बोलता बोलता त्यातला एक म्हणाला की घरचं ओमो तुओ आणि शेंगदाण्याचं सूप खाऊन किती दिवस झाले. तर ताईंना विचारायचंय की हे आपल्या किचनमध्ये जमेल का, तांदूळ कुठला, बाजारचं पीनट बटर चालेल का, आणि घरात दोन माणसं शाकाहारी आहेत त्यांचं काय करायचं.

जमेल. सगळं सामान पुण्यात मिळतं, एखाददुसरी गोष्ट सोडली तर. मी टेमाला, म्हणजे आक्राजवळच्या बंदराच्या गावात, बरीच वर्षं मेस चालवली, आपली माणसं आणि तिथली माणसं दोन्ही जेवायला असायची, आणि किचनमध्ये हात घानाच्याच आँटींचे होते, त्यामुळे हे सूप मी पुस्तकातून नाही तर त्यांच्या शेजारी उभं राहून शिकले. आता भारतात आल्यावरही करते, म्हणून इथल्या सामानात काय चालतं काय नाही ते सांगू शकते.

आधी पदार्थ काय आहे ते. ओमो तुओ म्हणजे मऊ शिजवून घोटलेल्या भाताचे मोठे गोळे. मसाला नाही, तूप नाही, फक्त भात आणि चिमूटभर मीठ. खोलगट वाडग्यात एक-दोन गोळे ठेवायचे आणि वरून सूप ओतायचं, इतकं की गोळा निम्मा बुडला पाहिजे. सूप बहुतेक वेळा शेंगदाण्याचं, तिथे त्याला न्कातेन्क्वान म्हणतात, नाहीतर पाम नटचं (ज्यापासून पामतेल काढतात त्या फळाच्या गराचं) म्हणजे आबेन्क्वान, नाहीतर टोमॅटो-मिरचीचं पातळ लाइट सूप. हेच शेंगदाण्याचं सूप फुफूबरोबर पण खातात, पण फुफू म्हणजे कसावा (ज्याचा साबुदाणा करतात तो कंद) आणि कच्ची मोठी केळी उकडून उखळीत कुटायची, ते आपल्या फ्लॅटमध्ये नको, खालच्या मजल्यावरचे वर येतील. ओमो तुओ तिथे खास रविवारचं जेवण समजतात. चॉप बार म्हणजे साध्या खानावळी असतात, त्यांच्याबाहेर रविवारी पाटी लागलेली असते आणि चर्च सुटल्यावर चांगल्या कपड्यांतली माणसं तिथे बसलेली असतात. त्यामुळे तुमचा रविवारचा बेत अगदी बरोबर पडलाय.

एक गोष्ट पहिल्यांदा विचारून घ्या, पाहुण्यांपैकी कोणी मुस्लिम आहे का. घानाच्या उत्तर भागात, टामालेकडे, मुस्लिम वस्ती मोठी आहे आणि शेंगदाणा पिकतो तोही मुख्यतः उत्तरेतच, त्यामुळे शेंगदाण्याच्या सूपवर जीव असलेला मुलगा तिकडचाही असू शकतो. हलाल दुकानातून मटण आणलं की प्रश्न मिटला. आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी कोणाला आहे का हे पण विचारा, तुमच्या घरातल्यांना धरून.

आता तांदूळ. लोक इथेच गडबड करतात, पाहुणे म्हटलं की हात बासमतीकडे जातो. बासमती अजिबात नको, जुना तर नाहीच, त्याचा दाणा सुटा राहावा म्हणूनच तो जुना करतात आणि आपल्याला बरोबर उलटं हवंय. इंद्रायणी घ्या, नवा असेल तर फारच छान, नाहीतर आंबेमोहोराची कणी. कणी स्वस्त पण पडते आणि घोटायला निम्मी मेहनत. घानात पण या कामाला तुकडा तांदूळ किंवा मऊ शिजणारा तांदूळच वापरतात, जॅस्मिन तांदूळ घेतला तरी चालतो. कोलम मधला आहे, चालून जातो पण गोळा जरा भुसभुशीत होतो. उकडा तांदूळ आणू नका, तो कितीही शिजवला तरी धरत नाही.

सहा-सात माणसांना तीन मोठ्या वाट्या म्हणजे साधारण सहाशे ग्रॅम तांदूळ घ्या, दहा-बारा गोळे होतील. कमी वाटतं पण हा भात पाणी खूप पितो आणि गोळा पोटात चांगला बसतो, दोन गोळे म्हणजे भरपूर झालं.

सूप आधी करायचं, भात नंतर, कारण सूप जितकं थांबेल तितकं बरं लागतं आणि गोळे थांबले की बिघडतात. तर सूपच सांगते, खरं काम तेच आहे.

शेंगदाणे तीनशे ग्रॅम. निवडून घ्या, म्हणजे खरंच निवडा, काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा वास असलेले काढून टाका, एक-दोन खवट दाणे आख्खं पातेलं कडू करतात आणि बुरशीच्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असू शकतं जे शिजवून जात नाही. मग कढईत मंद आचेवर भाजा, पंधरा-वीस मिनिटं, हलवत राहून. घाई केली तर बाहेरून डाग पडतात आणि आत कच्चा राहतो. दाणा मोडून बघा, आतून फिका बदामी दिसला की बंद. काळा नको, करपलेल्या दाण्याचा वास सूपमध्ये लपत नाही. गार झाले की चोळून सालं पाखडून टाका आणि मिक्सरमध्ये फिरवा. आधी कूट होईल, आपलं नेहमीचं, तिथे थांबायचं नाही. थांबत थांबत, कडेचं खाली ढकलत फिरवत राहा, कुटाचा गोळा होईल, मग तो सैल पडेल आणि शेवटी चकचकीत वाहती पेस्ट होईल. मिक्सर तापला तर पाच मिनिटं विश्रांती द्या. पाणी घालू नका, तेल पण घालू नका. घानात कोणी हे घरी वाटत बसत नाही, भाजलेले दाणे गल्लीतल्या चक्कीवर घेऊन जातात, निका-निका म्हणतात त्या चक्कीला, नाहीतर बाजारात बायका डोंगरासारखी पेस्ट मांडून बसतात त्यांच्याकडून मापाने घेतात.

बाजारचं पीनट बटर चालेल का, तर डब्यामागचं बारीक अक्षर वाचा. घटकांत फक्त शेंगदाणे असतील, फार तर मीठ, तर बिनधास्त घ्या. साखर, गूळ, मध, चॉकलेट असलं काही असेल तर नको, सूप गोड होतं आणि ते गोड मग कशानेच जात नाही. आणि ज्यात पेस्टवर तेल सुटू नये म्हणून घट्ट केलेलं वनस्पती तेल किंवा इमल्सिफायर घातलेलं असतं ते तर मुद्दाम टाळा, कारण आपल्या सूपचा सगळा खेळ तेल सुटण्यावर आहे आणि त्या डब्यात ते सुटू नये म्हणूनच सोय केलेली असते.

हा तेलाचा मुद्दा जरा नीट सांगते. शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल असतं. पेस्ट पाण्यात कालवली की ते तेल बारीक थेंबांत अडकून राहतं, म्हणून कच्चं सूप पांढरट, दुधाळ, फेसाळ दिसतं आणि घशात चिकटतं. बराच वेळ उकळत ठेवलं की दाण्यातली प्रथिनं आकसतात, अडकलेलं तेल मोकळं होतं आणि वर तांबूस तवंग येतो. तो तवंग आला म्हणजे सूप शिजलं. घड्याळ बघू नका, तवंग बघा. आपल्याला वरून तर्री ओतायची सवय असते, इथे ओतायचं काहीच नाही, सूपमध्ये तुम्ही चमचाभर सुद्धा तेल घालणार नाही आहात, जे येईल ते दाण्यातूनच. माझ्याकडच्या आँटी नवीन मुलीला स्वयंपाकाला घ्यायच्या आधी हेच सूप करायला लावायच्या आणि फक्त झाकण उघडून वरून बघायच्या, चव नंतर.

बाकी सामान असं. चिकन किंवा बोकडाचं मटण एक किलो, हाडांसकट. पिकलेले लाल टोमॅटो चार-पाच, कांदे तीन मोठे, आलं दोन इंच, लसूण सहा-सात पाकळ्या, टोमॅटो पेस्ट दोन मोठे चमचे (घानात छोटे डबे मिळतात, कोरड्या दिवसांत तिथे ताजा टोमॅटो बुर्किना फासोहून ट्रक भरून येतो आणि महाग असतो, म्हणून प्रत्येक घरात हे डबे असतातच), मीठ, आणि मिरची. मिरची तिथली वेगळी, स्कॉच बॉनेट जातीची, आणि एक छोटी गोल हिरवी असते तिला क्पाक्पो शितो म्हणतात, तिचा वास एकदा घेतला की विसरत नाही. पुण्यात मोठ्या भाजीवाल्यांकडे कधीकधी हबानेरो मिळते, मिळाली तर दोन पुरेत. नाही मिळाली तर ओल्या लाल मिरच्या चार-पाच. लाल तिखट नको, त्याने रंग येईल पण वास आपला येईल. वाटणात निम्मी मिरची टाका आणि एक-दोन आख्ख्या देठासकट सूपमध्ये तरंगत सोडा, फुटू द्यायच्या नाहीत, ज्याला झणझणीत हवं तो आपल्या वाडग्यात घेऊन चुरडेल. सूप तिखट असतं बरं का, अगदी मिळमिळीत करून पाहुण्यांवर दया दाखवू नका.

चिकन घ्यायचं तर गावरान घ्या, किंवा अंडी देऊन झालेली लेयर कोंबडी. घानात सूपला तीच जुनी चिवट कोंबडी लागते, हार्ड चिकन म्हणतात, कारण तिला तासभर शिजवता येतं आणि रस उतरतो. ब्रॉयलर तासाभरात विरघळून दोरे दोरे होतो. ब्रॉयलरच मिळाला तर हरकत नाही, पण शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांतच घाला.

आता तुमच्या घरात दोन शाकाहारी आहेत म्हणून मी नेहमीपेक्षा जरा वेगळी पद्धत सांगते. तिथे टोमॅटो-कांदा मटणाच्याच पातेल्यात उकळायला टाकतात आणि मऊ झाले की काढून वाटून परत त्याच पातेल्यात. आपण रस्सा वेगळा करू आणि शेवटी वाटून घेऊ.

एका पातेल्यात सव्वा लिटर पाणी उकळायला ठेवा, त्यात टोमॅटो आख्खे, दोन कांदे अर्धे कापून, मिरच्या, आणि असतील तर चार-पाच छोटी पांढरी किंवा हिरवी वांगी देठ काढून टाका. वांगं तिथे गार्डन एग म्हणतात, अंड्याएवढं पांढरं-पिवळं असतं, आपलं छोटं हिरवं वांगं चालतं, जांभळ्याने रंग मळकट होतो. पंधरा-वीस मिनिटांत सगळं मऊ होईल, काढून मिक्सरमधून वाटा आणि मग गाळणीतून गाळून त्याच पाण्यात सोडा. गाळायचा कंटाळा करू नका. टोमॅटोच्या बिया आणि सालं सूपमध्ये दिसली तर घानाचं माणूस काही बोलणार नाही पण बघेल. तिथे पूर्वीपासून हे वाटण असांकात करतात, असांका म्हणजे मातीचं वाडगं, आतून खाचा पाडलेलं, त्यात लाकडी मुसळीने गोल गोल रगडायचं. पाटा-वरवंटा असेल घरात तर जरूर काढा, नाहीतर मिक्सर आहेच.

दुसऱ्या बाजूला जाड बुडाचं पातेलं घ्या, त्यात दाण्याची पेस्ट, दीड वाटी पाणी आणि टोमॅटो पेस्ट घालून आधी गार असतानाच नीट कालवा, गुठळी राहू देऊ नका, मग मध्यम-मंद आचेवर ठेवून लाकडी चमच्याने सतत हलवा. सतत म्हणजे सतत, फोन घ्यायला गेलात की बुडाला लागलं. आधी घट्ट होईल, फटफट उडेल (हात सांभाळा), मग रंग बिस्किटासारखा होता तो तांबूस व्हायला लागेल आणि पंधरा-वीस मिनिटांनी कडेने तेल दिसेल, पेस्ट पातेल्यापासून सुटायला लागेल. घानात सगळेच हे करत नाहीत, काहीजणी पेस्ट पाण्यात कालवून सरळ सूपमध्ये ओततात आणि जास्त वेळ उकळतात, चवीला तेही चांगलं, पण पहिल्यांदा करणाऱ्याला मी परतायचीच पद्धत सांगते कारण त्यात तेल नक्की सुटतं आणि वेळ वाचतो.

आता गाळलेला रस्सा पळी-पळीने या पेस्टमध्ये घाला, प्रत्येक पळीला हलवून, एकदम ओतला तर गुठळ्या. सगळा गेला की उकळी आणा. आणि इथे गॅसजवळून हलू नका कारण हे दुधासारखं उतू जातं, झाकण पूर्ण लावायचं नाही, चमचा आडवा ठेवून अर्धवट. उकळी बसली की मंद करून ठेवा.

हे होत असताना मटण चढलेलं असलं पाहिजे. एक कांदा, आलं, लसूण, एक मिरची वाटून मटणाला चोळा, मीठ घाला, आणि पाणी न घालता झाकण ठेवून मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं त्याच्याच पाण्यात शिजू द्या. तिथे याला स्टीम करणं म्हणतात आणि ही पायरी कोणी गाळत नाही, मटणाचा उग्र वास इथेच जातो आणि कांदा-आल्याची चव हाडापर्यंत पोचते. मग बुडेल इतकं पाणी, पाऊण लिटरच्या आसपास, घालून मऊ करा. बोकडाचं असेल तर कुकरला तीन-चार शिट्ट्या काढल्या तरी कोणी विचारणार नाही, फक्त गाळ होऊ देऊ नका, अजून सूपमध्ये उकळायचंय.

आता शेंगदाण्याचा रस्सा दोन भागांत करा. शाकाहारी दोघांचा एक छोट्या पातेल्यात काढा, उरलेला मटणात त्याच्या रसासकट ओता. दोन्ही मंद आचेवर अर्धा-पाऊण तास. शाकाहारी पातेल्यात धिंगरी मशरूम मोठे मोठे फाडून, आणि वांगी वाटली नसतील तर दोन आख्खी वांगी, आणि थोडं वाटलेलं आलं-लसूण. मशरूम म्हणजे पर्याय म्हणून चिकटवलेलं समजू नका, घानातही पावसात रानातली मशरूम आली की सूपमध्ये हमखास पडतात. पनीर घालू नका, हात जोडते.

मासे खाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तिथे मटणाबरोबरच सूपमध्ये धुरावलेला मासा घालतात, एकाच पातेल्यात मटण, मासा, कधी खेकडा पण, आपल्याला विचित्र वाटतं पण तो धुराचा वास फार सुंदर लागतो. आपला उन्हात वाळवलेला खारा बांगडा त्याऐवजी घालायला जाऊ नका, तो खारटपणा आणि तो वास वेगळाच. त्यापेक्षा मूठभर सोडे किंवा सुकट तव्यावर कोरडी भाजून, कुटून शेवटच्या वीस मिनिटांत घाला. सुकी कोळंबी कुटून घालायची पद्धत तिथेही आहे.

काय घालायचं नाही ते मोठ्याने सांगते कारण आपले हात आपोआप तिकडे जातात. फोडणी नाही. जिरं-मोहरी नाही. हळद नाही, गरम मसाला नाही, गूळ नाही, कोकम-चिंच नाही, वरून कोथिंबीर-खोबरं नाही. उपवासाला आपण दाण्याची आमटी करतो ना, जिरं-मिरची वाटून, तूप-जिऱ्याची फोडणी, आमसूल आणि गूळ, तिचं आणि याचं सामान अर्धं सारखं म्हणून लोकांना वाटतं हे तेच, पण आमटी दहा-पंधरा मिनिटांत उतरते आणि तिची चव आंबट-गोडावर असते, याची चव भाजलेल्या दाण्यावर आणि लांब उकळण्यावर असते. तिथली कढीपावडर सुद्धा, म्हणजे करी पावडर, घानात वापरतात पण ती स्ट्यूला आणि जोलोफ भाताला (टोमॅटोत शिजवलेला लाल भात), या सूपला सहसा नाही. मॅगीचा क्यूब (नूडल्स नव्हे, चवीची खारट वडी) मात्र तिथे घरोघरी पडतो, तुम्हाला घालायचा तर अर्धा घाला आणि मीठ त्या मानाने कमी करा, मी घालत नाही, चांगलं मटण असेल तर गरज नसते.

घट्टपणा किती, हे सगळ्यात जास्त विचारतात. पातळ. ग्रेव्ही नाही, सूप आहे. पळीतून सलग धारेने पडलं पाहिजे आणि वाडग्यात गोळ्याभोवती सपाट पसरलं पाहिजे. सेनेगलचं माफे, तेही शेंगदाण्याचंच, पण दाट असतं, भातावर घालतात, त्याच्या रेसिपी बघून लोक हेही दाट करून ठेवतात, मग गोळा बुडवला की चिखल होतो. आटलं तर उकळतं पाणी घाला, गार नको, आणि परत पाच-सात मिनिटं उकळा. उलट फार पातळ झालं तर वरून कच्ची पेस्ट ढकलू नका, झाकण काढून आटवा.

झालं की नाही हे कसं ओळखायचं. वर तांबूस तेलाचे मोठे मोठे डोळे, फेस गेलेला, रंग विटकरी, आणि चमचाभर गिळल्यावर घशात पिठूळ काही राहत नाही. पाणी वेगळं आणि दाणा खाली असं दिसत असेल तर अजून वेळ आहे. तवंग फारच जास्त वाटला तर वरचा थोडा पळीने काढून घ्या, काढला तर पाप नाही, पण सगळा काढून गोरंगोमटं सूप वाढू नका, पाहुण्यांना ते कच्चंच वाटेल.

एक शिष्टाचार नाही पण माहिती, शेंगदाणा, टोमॅटो, मिरची या तिन्ही गोष्टी मूळच्या अमेरिकेच्या, पश्चिम आफ्रिकेत पोर्तुगीजांच्या काळापासून आल्या आणि आपल्याकडेही त्याच सुमारास. त्याआधी तिकडे त्यांचा स्वतःचा, जमिनीत लागणारा बांबारा नावाचा दाणा होता, तो अजूनही खातात.

भाताकडे वळू. पाहुणे यायच्या तासभर आधी सुरुवात करा. तांदूळ दोन पाण्यांनी धुवा, फार चोळून धुवू नका, चिकटपणा जातो. इंद्रायणीला तांदळाच्या साडेतीन पट पाणी, कणीला सव्वातीन, तांदूळ जुना असेल तर चार. आधण आलं की तांदूळ, मीठ, आणि उकळी आल्यावर झाकण ठेवून मंद. तेल-तूप घालायचं नाही, नाहीतर गोळा धरणार नाही. दाणा फुटून, बोटात धरला की पूर्ण चिरडला पाहिजे आणि तळाला अजून थोडा ओलावा हवा. कुकरमध्ये करायचा तर पाणी जरा कमी करून पाच-सहा शिट्ट्या, पण मग उघडून दोन मिनिटं मंद आचेवर वाफ जाऊ द्या.

आता गरम असतानाच घोटायचं. तिथे बांकू (आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) ढवळायची जाड लाकडी पट्टी असते, आपल्याकडे लाकडी डाव किंवा जाड लाकडी चमचा घ्या, पातेलं एका बाजूला कापडाने धरा आणि भात पातेल्याच्या कडेला दाबत, ओढत, उलटत घोटा. मिक्सर किंवा हँड ब्लेंडर लावू नका, भाताची खळ होते, डिंकासारखी. एकदा घोटून झालं की दोन-तीन चमचे पाणी शिंपडा, झाकण ठेवा, अगदी मंद आचेवर पाच मिनिटं वाफ, आणि परत घोटा. या दुसऱ्या वेळेला फरक पडतो, आता तो गोळा होऊन डावाला धरून फिरायला लागेल. पूर्ण गुळगुळीत करायची गरज नाही, अधेमधे दाणा लागला तर बरंच लागतं. फार सैल वाटला तर झाकण काढून मंद आचेवर हलवत आटवा. काहीजण घट्ट व्हायला तांदळाचं पीठ घालतात, मला ते पटत नाही, खाताना कच्चट लागतं.

गोळे वळायला छोटं खोल वाडगं पाण्यातून काढा, त्यात पळीभर भात टाका आणि वाडगं हातात धरून गोल गोल झुलवा, भात आत फिरून आपोआप गोल आणि चकचकीत होतो. चॉप बारमध्ये बायका एका मिनिटात डझनभर करतात, आपल्याला पहिले दोन वाकडे होतील. नाहीतर ओल्या हाताने वळा, पण भात चटका देतो. साधारण मोठ्या संत्र्याएवढा गोळा. वळून झाले की लगेच हॉटपॉटमध्ये, एकमेकांना चिकटू नयेत म्हणून प्रत्येक गोळ्याला पातळ प्लास्टिक गुंडाळतात तिथे, मी केळीचं पान गरम करून मऊ करून त्यात ठेवते. उघडे ठेवले तर वरून साल धरते.

वाढताना प्रत्येकाला खोल वाडगं, ताट नको. गोळे, वर सूप, वर मटणाचे तुकडे. टेबलावर हात धुवायला पाणी आणि साबण ठेवा, तिथे जेवणाआधी भांड्यात पाणी फिरवतात. हाताने खातात, उजव्याच हाताने, डावा हात जेवणाला लावणं तिथेही वाईट दिसतं, हे तुम्हाला वेगळं शिकायला नको. गोळ्याचा छोटा तुकडा तोडायचा, अंगठ्याने जरा खोलगट करायचा, सूपमध्ये बुडवून तोंडात. उरलेलं सूप वाडगं उचलून प्यायलं तरी चालतं. चमचे ठेवा पण आधी पुढे करू नका, मुलांना उगाच संकोच वाटतो की यांना हाताने खाल्लेलं चालत नाही की काय. कोणी जेवत असताना दुसरं कोणी आलं तर घानाचा माणूस लगेच म्हणतो, यू आर इन्व्हायटेड, म्हणजे या जेवायला. त्यांनी तुम्हाला असं तुमच्याच घरात म्हटलं तर हसू नका.

पापड, कोशिंबीर, लोणचं काही काही मांडू नका. प्यायला काही करायचं असेल तर सोबोलो करा, लाल अंबाडीची सुकी बोंडं मिळाली तर. पाण्यात बोंडं, ठेचलेलं आलं, चार लवंगा, अननसाची धुतलेली सालं असतील तर ती, उकळून गाळायचं, साखर घालून गार. विदर्भात अंबाडीच्या बोंडांचं सरबत करतात त्यांना हे नवीन वाटणार नाही.

पाम नटचं सूप करू का असं पण विचारलं होतं. त्याचा गर डब्यात येतो, तो आपल्याकडे सहज मिळत नाही, आणि किराणा दुकानातलं पामतेल म्हणजे तो गर नव्हे, त्यात तो रंगही नाही आणि वासही नाही, तेव्हा तो नाद सोडा. कोणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी निघाली तर लाइट सूप करा, वरच्याच कृतीतून दाणे आणि टोमॅटो पेस्ट काढून टाका, टोमॅटो दुप्पट करा, आणि मटण-आल्याचा जोर वाढवा, ओमो तुओबरोबर तेही चालतं.

वेळेचं गणित म्हणाल तर दाणे भाजून पेस्ट शनिवारी रात्री करून ठेवा, रविवारी दहाला सूप चढवा, साडेबारापर्यंत होतं, बाराला भात लावा, एकला पानं. सूप उरलं तर गार झाल्यावर लगेच फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं, गरम करताना थोडं पाणी घालून पूर्ण उकळा. गोळे मात्र बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नका, ओला भात लवकर खराब होतो, आणि फ्रिजमध्ये गेले की दगड होतात, वाफवून जरा मऊ होतात पण ती मजा नाही. तेव्हा पोरांना होस्टेलवर डबा द्यायचा असेल तर सूप भरून द्या आणि बरोबर किलोभर इंद्रायणी द्या, कुकर त्यांच्याकडे असतो, भात ते स्वतः घोटून घेतील.